छोटीच्या जास्वंदीवरचे पांढरे किडे

लोक पान आणतात. नुसतं पान. पिशवीत कोंबून घामेजलेलं, वाटेत मेलेलं पान माझ्या टेबलावर टाकतात आणि विचारतात, "याला काय झालंय?" मी म्हणते, "याला मरण आलंय. झाडाला काय झालंय ते सांगा."

गेली सव्वीस वर्षं मी एका मोठ्या रोपवाटिकेत याच टेबलाशी बसते. रोपं विकायची खिडकी वेगळी, खतं-कुंड्यांचं दुकान वेगळं, आणि फाटकाजवळ पत्र्याखाली माझं टेबल. वर पाटी आहे, 'रोग व कीड सल्ला'. लोक दवाखाना म्हणतात. म्हणू देत. पण दवाखान्यात निदान आजारी माणूस स्वतः येतो. इथे येतात ते झाडांचे नातेवाईक, आणि नातेवाइकांइतकं खोटं दुसरं कोणी बोलत नाही. "पाणी रोज घालतो हो," म्हणतात, आणि कुंडीतली माती दगड झालेली असते. "कालपर्यंत काही नव्हतं," म्हणतात, आणि खोडावर खवले किडीची तिसरी पिढी नांदत असते. एक गृहस्थ गुलाबावरच्या मावा किडीसाठी भांड्यांचा साबण, लसूण, तंबाखू आणि बायकोचं केसांचं तेल एकत्र कालवून फवारून आले होते. मावा होता तिथेच होता, गुलाब गेला. "आता मावा उपाशी मरेल बिचारा," मी म्हटलं. गृहस्थांना ते उत्तर वाटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तर अशा लोकांत बसून माणसाची जीभ गोड राहील कशी? माझी नाही राहिली. रांगेतल्यांनाही ते ठाऊक आहे, काहीजण तर तेवढ्यासाठीच शनिवारी येतात असा मला संशय आहे. दुसऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळत असेल तर माणूस उन्हातसुद्धा उभा राहतो.

माझा नियम मात्र एक. पान उलटं करा. जे काही वाईट आहे ते पानाच्या पाठीमागे राहतं. आधी उलटी बाजू, मग शेंडा, मग मुंग्या कुठून कुठे जातायत ते, आणि भिंगातून बघितल्याशिवाय औषधाचं नाव तोंडातून काढायचं नाही. दर वर्षी आमच्याकडे शिकाऊ मुली येतात, त्यांच्याकडून मी हे घोकून घेते. न बघता औषध सांगणारा आणि न मोजता फवारणारा, दोघांना एकाच खड्ड्यात पुरावं आणि वर झाडसुद्धा लावू नये, असं मी त्यांना सांगते. मुली हसतात. हसल्या की लक्षात राहतं.

त्या शनिवारी रांगेत छोटी उभी होती. छोटी म्हणजे माझी नणंद. वय बावन्न, पण आमच्याकडे एकदा पडलेलं नाव माणसाबरोबरच जातं. हातात काचेची बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं, आत जास्वंदीची एक डहाळी. घरची असून रांगेत उभी राहिली, यातच तिचा सगळा स्वभाव आला. दुसरी कोणी असती तर "वहिनी!" करत थेट पत्र्याखाली शिरली असती. छोटी पाऊण तास उभी राहिली, आणि मला त्याचाच राग आला. इतकं गरीब राहायचं म्हणजे समोरच्याला उगीच वाईट ठरवणं असतं.

जास्वंदीची गोष्ट सांगायला हवी. छोटीचा नवरा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. बाटल्या धुवायच्या आणि मुलांनी फोडलेल्या बाटल्यांची यादी करायची, एवढं काम. घरी मात्र स्वारी शास्त्रज्ञ. गॅलरीत चाळीस कुंड्या, सगळ्या जास्वंदीच्या, आणि सकाळी उठून हा बारीक ब्रशानं एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावत बसायचा. घरचा जावई म्हणून तोंडावर अहो-जाहो. पाठीमागे मी त्याला 'ब्रशवाला' म्हणायचे. बारा वर्षं ब्रश चालवून त्यानं जी फुलं काढली ती आमच्या रोपवाटिकेत कोणी फुकटही घेतली नसती, आणि हे मी त्याला एकदा जेवताना सांगितलंही होतं. तो हसला आणि पाणी प्यायला.

शेवटच्या वर्षी त्यानं एकवीस बिया लावल्या. सात उगवल्या, एक जगलं. ते वीतभर झालं आणि तो गेला. बीपासून आलेल्या जास्वंदीचं असं असतं की फूल कसं येईल ते कोणी सांगू शकत नाही. भावंडांसारखं आहे ते. आईबाप तेच, पण तोंडवळा प्रत्येकाचा वेगळा. त्या झाडाचं फूल त्यानं बघितलं नव्हतं, छोटीनं बघितलं नव्हतं, जगात कोणीच बघितलं नव्हतं. आणि आता दोन वर्षांनी त्याला पहिल्या तीन कळ्या आल्या होत्या.

"वहिनी, दोन गळल्या," छोटी म्हणाली. "एकच राहिलीय. तिच्या देठाशी हे पांढरं आलंय सगळं. झाड जाणार नाही ना हो?"

मी बरणी घेतली आणि टेबलावर ठेवली. बाहेरून कापसासारखं पांढरं दिसत होतं, तेवढं बास झालं. तिच्यामागे अकरा माणसं होती, पत्रा तापला होता, चष्मा कपाळावर होता, भिंग ड्रॉवरमध्ये होतं.

"पिठ्या ढेकूण," मी म्हटलं. "जास्वंदीचा जन्मजात सोयरा. औषध देते."

"पण दोन प्रकारचे आहेत वहिनी. लहान आहेत ते जागचे हलत नाहीत. मोठे आहेत ते पळतात. त्यांना अंगभर झालर आहे."

"लहान ते लहान, मोठे ते मोठे. तुझ्या घरात काय सगळे एका मापाचे होते?"

रांग हसली. छोटीही थोडी हसली, पण हलली नाही.

"मला वाटतं, मोठे लहानांना खातात."

आता मात्र मी खुर्चीत मागे टेकले. "छोटी, किडेच किड्यांना खायला लागले तर मला पगार कोण देईल? ब्रशवाल्याकडून ब्रश घेतलास तो घेतलास, आता शास्त्रही घेतलंस का?"

या वेळी रांग मोठ्यानं हसली. 'ब्रशवाला' हे नाव छोटीनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी औषधाची बाटली पुढे केली, लिटरला किती मिली ते झाकणावर खूण करून दिलं, ऊन उतरल्यावर फवार, आठ दिवसांनी पुन्हा फवार, कळीवर नीट बसव, सगळं सांगितलं. माझं सांगणं नेहमीच नीट असतं. तिनं बाटली पिशवीत ठेवली, "येते वहिनी," म्हणाली आणि गेली. बरणी तशीच राहिली. मी ती मागच्या फळीवर सरकवली आणि पुढच्या बाईचं पान हातात घेतलं.

ती बरणी मला पुढच्या सोमवारी सापडली, म्हणजे नवव्या दिवशी. फळीवरच्या जुन्या पावत्या काढत होते. बरणीत डहाळी सुकून काडी झाली होती आणि तिच्यावर पिठ्या ढेकूण एकही नव्हता. नुसती टरफलं, पांढरा भुगा. मोठे दोघे मात्र जिवंत होते, काचेवरून तुरुतुरु फिरत होते, अंगावर मेणाच्या पांढऱ्या दशा. आणि फडक्याच्या आतल्या बाजूला, तिळापेक्षा थोडा मोठा, एक काळा भुंगेरा बसला होता. डोकं नारिंगी.

मी भिंग काढलं. गरज नव्हती, तरी काढलं. आमच्या काचघरात पिठ्या ढेकूण झाला की आम्ही हाच भुंगेरा बाहेरून डबीतून मागवतो. शंभर नग, बर्फाच्या पेटीत, लेकरासारखे सांभाळून. याची अळी पिठ्या ढेकणाचंच सोंग घेते. तशीच पांढरी, तशीच पिठूळ, फक्त मोठी, झालरवाली आणि पळणारी. आणि ती ढेकणांना खाते. शिकाऊ मुलींना मी पहिल्याच आठवड्यात बजावते, पळतोय तो मित्र, बसलाय तो शत्रू. मोठा पांढरा दिसला म्हणून मारलात तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत असं होईल. छोटीनं मला मुलींपेक्षा चांगलं वर्णन सांगितलं होतं. पळतात, झालर आहे, लहानांना खातात. परीक्षेत मी दहापैकी दहा दिले असते.

आणि मी तिला काय दिलं? ते औषध पहिल्यांदा या भुंगेऱ्यांना मारतं. ढेकणाला अंगावरचं मेण वाचवतं, त्याच्या अंड्यांना तर काही होत नाही. पंधरा दिवस झाड स्वच्छ दिसतं, मग अंडी फुटतात, खाणारं कोणी उरलेलं नसतं, शेंड्याचा गोळा होतो आणि कळी गळते. मग त्या फुलाचा रंग कोणता होता हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन फवारण्या एव्हाना झाल्याही असणार, कारण छोटी सांगितलेलं ऐकते.

त्या दिवशी घरी मी जेवले नाही. आमच्या ह्यांनी विचारलं तर म्हटलं, डोकं दुखतंय.

"अगं, छोटीचा फोन होता," हे म्हणाले. "झाड एकदम स्वच्छ झालंय म्हणे. वहिनींचा हात लागला की गुण येतोच, असं म्हणत होती."

स्वच्छ दिसणारच होतं. पंधरा दिवस दिसतं ना.

मंगळवारी छोटीच्या इमारतीतल्या एक बाई आल्या. रांग मोडून आल्या, वर हात जोडून उभ्या राहिल्या. "तुमच्या नणंदबाईंनी सांगितलं, तुमच्या औषधानं जादू झाली. मलाही तेच द्या." त्यांच्या पिशवीतलं पान मी उलटं केलं, भिंग लावलं, नको इतका वेळ बघितलं. लाल कोळी होता. त्याला ते औषध लागू पडत नाही. तसं सांगितलं तर बाईंचं तोंड पडलं. त्यांना जादू हवी होती. मी त्यांना पाण्याचा फवारा मारायला सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला काही टोचून बोलले नाही, तर रांगेतल्या एकानं विचारलं, "बाई, बरं नाही का आज?"

बुधवारी माझी सुट्टी असते. सकाळी मी बरणी पिशवीत घातली आणि छोटीकडे गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. 'औषध जरा जहाल होतं,' असं म्हणावं का? 'कंपनीनं हल्ली त्यात बदल केलाय,' असं? एकेक थाप पाठ करत होते आणि प्रत्येकीत चूक दुसऱ्याची होती. सव्वीस वर्षं लोकांच्या थापा ऐकून निदान थापा मारता तरी चांगल्या यायला हव्या होत्या.

छोटी दार उघडून बाजूला झाली. "या वहिनी. चहा टाकते."

"आधी झाड."

ती जास्वंद गॅलरीच्या कोपऱ्यात होती. कुंडी दोन विटांवर, आणि विटा पाण्यानं भरलेल्या ताटात. म्हणजे मुंग्यांना वाट नाही. पिठ्या ढेकणाला मुंग्या राखण करतात, त्याच्या गोड चिकट्यासाठी. त्या असल्या की भुंगेऱ्यांना जवळ फिरकू देत नाहीत. हे मी छोटीला सांगितलं नव्हतं. मी खाली बसले, शेंड्याचं पान धरलं आणि उलटं केलं.

पानावर एक काळा भुंगेरा चालत होता. नारिंगी डोक्याचा. दुसरं पान उलटं केलं, तिथे झालरवाली अळी. तिसऱ्यावर दोन भुंगेरे. ढेकूण शोधावे लागत होते. आणि वर, देठावर ताठ, कळी. अंगठ्याएवढी फुगलेली, हिरवी पाकळी एका बाजूनं जरा फाकलेली. आतला रंग अजून दिसत नव्हता.

फवारलेल्या झाडावर भुंगेरा चालत नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. औषधाची बाटली ओट्याखाली केरसुणीच्या शेजारी होती. झाकणाचं सील शाबूत होतं.

"तू फवारलंच नाहीस."

छोटी चहात साखर घालत होती. "नाही वहिनी."

"मग दादाला काय सांगितलंस? शेजारणीला काय सांगितलंस? माझ्या औषधानं जादू झाली म्हणून?"

"झाड बरं झालं म्हटल्यावर सगळे विचारणार, वहिनींनी काय दिलं? न वापरता बरं झालं असं मी म्हणाले असते तर तुमचं काय राहिलं असतं? रोज बसता तुम्ही तिथे." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "त्या बाईंना तुमच्याकडे पाठवलं, कारण तुम्ही त्यांचं पान बघाल असं वाटलं. माझं घरचं म्हणून राहिलं असेल."

मला आयुष्यात कोणी इतकं खाली पाडलं नव्हतं. आणि तिनं तर पाडलंही नव्हतं, वरून उशी दिली होती. मी चिडले. चिडायला काही कारण नव्हतं, म्हणून जास्तच चिडले.

"एवढं कळत होतं तुला, तर माझ्याकडे आलीस कशाला?"

"कळत कुठे होतं?" छोटी म्हणाली. "मी घाबरले होते वहिनी. एकच कळी. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तुम्ही सांगितलं तसं ऊन उतरल्यावर बाटली हातात घेतली. तेवढ्यात एका मोठ्यानं लहानाला तोंडात धरलेलं दिसलं. ह्यांच्या भिंगातून बघितलं. मन होईना. म्हटलं, परत विचारू या. गेल्या आठवड्यात मंगळवारी आले होते मी."

"कधी? मला दिसली नाहीस."

"तुम्ही जेवायला गेला होतात. बरणी मागच्या फळीवर होती. फडक्याची गाठ मी मारली होती तशीच होती." ती खाली बघून बोलत होती, जणू चोरी तिचीच होती. "तेव्हा कळलं, तुम्ही बघितलेलंच नाही. म्हणून मग नाही फवारलं. दोन दिवस स्टूल टाकून बसले आणि कोण कोणाला खातंय ते बघत राहिले. मुंग्या आड यायच्या, म्हणून पाणी ठेवलं."

मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पोटात गेली. पिशवीतून बरणी काढून मी ओट्यावर ठेवली. "नाही बघितलं," मी म्हटलं. "न उघडताच सांगितलं. वर चार लोकांत तुला हसले. त्यालाही हसले, गेलेल्या माणसाला. चुकलं माझं."

हे शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत. छोटीनं मान हलवली. "असू दे वहिनी" म्हणेल असं मला वाटलं होतं. आजवर प्रत्येक वेळी म्हणत आली होती. या वेळी म्हणाली नाही.

चहा पिऊन आम्ही पुन्हा गॅलरीत उभ्या राहिलो. मी तिला कळी कशी बघायची ते दाखवलं, देठ पिवळा पडत नाहीये, बुडाशी चिकटा नाहीये, आता ही गळत नाही. "उद्या सकाळी उमलेल," मी म्हटलं. "सातच्या सुमाराला. जास्वंद एकच दिवस टिकते, माहीत आहे ना? मी साडेसहाला येते. कामावर उशिरा जाईन."

पाण्याच्या ताटात एक वाळकं पान पडलं होतं ते छोटीनं काढलं.

"उद्या नको वहिनी."

"का?"

"रागानं नाही म्हणत. तुम्ही परवा या, पुढच्या कळीला या, पुष्कळ येतील आता. दादाला पाठवा उद्या हवं तर." ती माझ्याकडे न बघता कळीकडे बघत होती. "पण तुम्ही आलात की काहीतरी बोलाल. वाईट बोलाल असं नाही. पण बोलाल. आणि मग मला त्यांचं फूल दिसेल तेव्हा तेच ऐकू येईल. पहिल्यांदा तरी मला ते नुसतं बघायचंय."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पिशवी उचलली, चपला घातल्या. छोटी दारापर्यंत आली, नेहमीसारखं "सावकाश जा" म्हणाली.

जिना तीन मजल्यांचा आहे. खरं तेच सांगते, शेवटच्या पायरीपर्यंत त्या न बघितलेल्या फुलाबद्दल एक चांगलं झोंबरं वाक्य माझ्या तोंडात तयार झालं होतं.